काळजी कागदावर उतरवताना: अनिश्चित दिवसांतल्या लिहिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागायचा आहे, रिपोर्ट यायचा आहे, नोकरी राहते की जाते ते कळायचं आहे, घरातलं माणूस लांब कुठेतरी अडकलं आहे. अशा दिवसांत जीव टांगणीला लागलेला असतो आणि “लिहून काढ, बरं वाटेल” असं भेटेल तो सांगतो. काय लिहायचं, किती वेळ, कधी, आणि थांबायचं कुठे हे मात्र कुणी सांगत नाही. लिहिण्याचा उपयोग होतो तो एका अटीवर. डोक्यात गोल फिरणारा विचार कागदावर येताना नेमका व्हायला हवा. तो कागदावरही गोलच फिरत राहिला, तर वही भरते आणि डोकं रिकामं होत नाही. खालची बहुतेक उत्तरं या अटीभोवतीच फिरतात.

लिहिल्यानं काळजी खरंच कमी होते, की नुसतं मनाचं समाधान?

कमी होते, पण चमत्कार म्हणावा इतकी नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या घटनेवर. ज्यांनी घडलेली घटना आणि त्या वेळी मनात आलेलं, असं दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याकडे कमी फिरकले. त्यानंतर या पद्धतीवर ढिगानं अभ्यास झाले. जोआन फ्रातारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा फायदा दिसला, पण सरासरीनं लहानच.

लहान फायदासुद्धा मोलाचा आहे, कारण खर्च एक वही आणि पंधरा मिनिटांचा आहे. शिवाय “सरासरी” या शब्दात बरंच काही झाकलं जातं. काहींना खूप मदत होते, काहींना अजिबात होत नाही आणि थोड्यांना त्रासही होतो. कुणाला काय होतं हे बऱ्याच अंशी लिहिण्याच्या पद्धतीवर ठरतं.

पण कागदावर लिहिल्यानं असं होतं तरी काय?

डोक्यातली काळजी बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात असते. “कसं होणार?”, “काही झालं तर?”, “आता काय?” या वाक्यांना धड कर्ता नसतो, वेळ नसते आणि शेवटही नसतो. शेवट नसल्यामुळे ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. लिहायला बसलं की भाषाच आपल्याला अडवते. “काही झालं तर” इतकं लिहून पूर्णविराम देता येत नाही. काय झालं तर? कुणाला? कधी? काळजी जितकी मोघम, तितकी ती हाताळायला अवघड. नेमकी झाली की निदान तिचा आकार तरी दिसतो.

दुसरी गोष्ट अर्धवट कामांची. ती मनाच्या दाराशी सारखी टकटक करतात. मासिकांपो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुऱ्या कामाचा नेमका बेत आखला तरी त्याचे विचार मधेमधे डोकावणं कमी होतं. काम पूर्ण झालेलं नसलं तरीही.

तिसरी गोष्ट भावनेला नाव देण्याची. “टेन्शन आलंय” ही एक गोणी आहे, तिच्यात सगळं कोंबता येतं. ती उघडून बघा. आत भीती असेल, लाज असेल, राग असेल, अपराधीपणा असेल, कुणाचा तरी हेवा असेल किंवा नुसता थकवा असेल. भीतीवरचा उपाय थकव्याला लागू पडत नाही, म्हणून नाव अचूक हवं.

आजच सुरू करायचं तर नेमकं काय करू?

एक वही, एक पेन, १५ मिनिटांचा गजर. मोबाइलवर गजर लावलात तर तो उलटा करून, आवाक्याबाहेर ठेवा. वेळ अशी निवडा की लिहून झाल्यावर निदान अर्धा तास लगेच कुणाला सामोरं जायचं नसेल.

पहिली पाच मिनिटं मनात येईल ते, येईल त्या क्रमानं लिहा. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. नाही नाही ते विचार आले तरी तेही लिहा.

पुढची सात-आठ मिनिटं मोलाची. लिहिलेल्यातली एकच ओळ निवडा, जिच्यापाशी छातीत धस्स होतं ती. तिच्याखाली चार गोष्टी लिहा: नेमकं काय होईल असं वाटतंय, असं कशावरून वाटतंय, तसं झालंच तर पहिल्या आठवड्यात मी काय करीन, आणि आज किंवा उद्या करता येण्यासारखं सगळ्यात लहान काम कोणतं.

शेवटची दोन-तीन मिनिटं आवरतं घ्यायला. तारीख टाका, “आजचं इथवर” असं लिहा, वही मिटा, जागा सोडा. उठून पाणी प्या, चार पावलं चाला. वही मिटून तिथेच बसून राहिलात तर मन पुन्हा पहिल्या ओळीकडे धावतं.

मिनिटांची ही वाटणी काळ्या दगडावरची रेघ नाही. तीन भाग मात्र ठेवा. बहुतेकांचं लिहिणं पहिल्या भागातच संपतं आणि मग “मला काही फरक पडला नाही” असं वाटतं. मन मोकळं करणं हा लिहिण्याचा एक तृतीयांश भाग झाला.

एखादं उदाहरण दाखवाल का?

समजा, पहिल्या पाच मिनिटांतली धस्स करणारी ओळ अशी आहे: “नोकरीचं काही खरं नाही.”

नेमकं काय होईल असं वाटतंय? “या महिन्याच्या अखेरीला मला काढणार.” आता या ओळीला कर्म आहे आणि तारीख आहे.

कशावरून? “आमच्या विभागातल्या दोघांना गेल्या आठवड्यात पत्र मिळालं. साहेबांनी माझी मीटिंग दोनदा पुढे ढकलली. ते माझ्याशी नजर मिळवत नाहीत.” इथे पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे “घडलं”, उजवीकडे “मी लावलेला अर्थ”. दोघांना पत्र मिळालं हे डावीकडे. मीटिंग दोनदा पुढे गेली हेही डावीकडे, पण “माझ्यामुळेच” हे उजवीकडे. “नजर मिळवत नाहीत” हे पूर्णच उजवीकडे जातं. रकाना भरताना हात कुठे घुटमळतो ते बघा. जी ओळ डावीकडे टाकायची की उजवीकडे ते कळत नाही, तीच सगळ्यात जास्त छळत असते.

मग क्रियापद तपासा. मराठीत “काढणार” आणि “काढू शकतात” यांत मोठं अंतर आहे. “काढणार” म्हणजे निकाल लागला. हातात पुरावा नसेल तर क्रियापद बदलून ओळ पुन्हा लिहा: “या महिन्याच्या अखेरीला मला काढू शकतात.” धीर देण्याचा हा प्रकार नव्हे. शक्यता नाकारलेली नाही, ती आहे तेवढीच लिहिली आहे.

तसं झालंच तर? “पहिल्या दिवशी घरी सांगेन. साठवलेले पैसे किती महिने पुरतील ते मांडेन. ज्यांच्याकडे कामाची विचारणा करता येईल अशा पाच जणांची यादी करेन. बाबांना मात्र काय सांगू कळत नाही.”

ही शेवटची ओळ बघा. नोकरीच्या काळजीनं सुरू झालेलं पान अनेकदा अशा वाक्यावर येऊन अडखळतं. पैशांची वाट सुचते, पण माणसाला तोंड कसं दाखवायचं ते सुचत नाही. अशी ओळ सापडली की उद्याच्या पानाचा विषय तोच.

आणि लहान काम? “उद्या दुपारी चारच्या आत साहेबांना विचारायचं, मीटिंगची पक्की तारीख कधी.” वेळ, माणूस, प्रश्न, तिन्ही ठरलं. “परिस्थितीचा अंदाज घ्यायचा” असं लिहिलं असतं तर ते काम झालं नसतं, ती काळजीच वेगळ्या शब्दांत आली असती.

वही घेऊन बसतो, पण काही सुचतच नाही.

हे वाक्य पाच वेळा पुरं करा: “मला आत्ता ______ची भीती वाटते, कारण ______.” पहिल्या दोन वेळा ठरावीक उत्तरं येतात. चौथ्या-पाचव्या वेळेला बहुधा खरं काहीतरी निसटतं. तेही जमलं नाही, तर अंगात काय जाणवतंय ते लिहा: खांदे ताठलेत, पोटात गोळा आलाय, घसा कोरडा पडलाय. शरीरापासून सुरू केलं की शब्द लवकर सापडतात.

रोज तेच तेच लिहिलं जातं. तीन आठवडे झाले, वही भरली, डोक्यातला भुंगा आहे तिथेच आहे.

या तक्रारीकडे नीट लक्ष द्यायला हवं. लिहिणं अंगावर उलटतं ते बहुतेक इथेच. काळजी करणं आणि काळजीबद्दल लिहिणं बाहेरून सारखंच दिसतं. दोन्हींत माणूस गंभीर चेहऱ्यानं विचारात गढलेला असतो.

लागोपाठच्या तीन दिवसांची पानं शेजारी ठेवा आणि पेन्सिलीनं खुणा करा. “का” हा शब्द किती वेळा आलाय? “माझ्याच बाबतीत का”, “आधीच का नाही कळलं”, “ते असं का वागले”. या प्रश्नांना बहुधा उत्तर नसतं, म्हणून ते संपत नाहीत. “नेहमी”, “कधीच”, “सगळं”, “कुणीच” हे शब्द मोजा. तिसऱ्या दिवशी असं काही आलंय का, जे पहिल्या दिवशी नव्हतं? नवी माहिती, नवं नाव, नवा निर्णय, काहीही? पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले, तेव्हा ज्यांच्या पानांत दिवसागणिक “कारण”, “लक्षात आलं”, “म्हणून” अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना फायदा जास्त झालेला दिसला. पानं पुढे सरकायला हवीत.

सरकत नसतील तर उपाय आहेत. “का” खोडून तिथे “काय”, “कधी” किंवा “कुठवर” लिहा. “ते असं का वागले?” ऐवजी “ते नेमकं काय बोलले?” वाक्य बदललं की उत्तरही बदलतं.

एकाच काळजीवर सलग चार दिवसांपेक्षा जास्त लिहू नका. चार दिवसांत ती हलली नाही, तर तिला दोन आठवडे सुट्टी द्या आणि दरम्यान कुणाशी तरी बोला. माणूस उलट प्रश्न विचारतो, वही विचारत नाही.

आणि स्वतःबद्दल स्वतःच्या नावानं लिहून बघा. २०१४ च्या इबोलाच्या साथीत ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकांना या आजाराच्या भीतीवर लिहायला सांगितलं. काहींनी “मी” वापरून लिहिलं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन. नाव घेऊन लिहिणाऱ्यांना घाबरू नये याची वस्तुस्थितीला धरून जास्त कारणं सुचली. मराठीत याची गोडी थोडी निराळी आहे. नाव लिहून पुढे “तू” म्हटलं तर चालतं, पण आपल्याकडे स्वतःला “तू” म्हणताना सूर चटकन रागावण्याचा होतो: “तुला कळत नव्हतं का?” तसं झालं तर “तो” किंवा “ती” वापरा. त्रयस्थाबद्दल लिहिताना माणूस जरा सबुरीनं लिहितो.

अजून एक सांगायला हवं. २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्यांवर अभ्यास केला. ज्यांना घडलेल्याचा अर्थ सतत शोधत राहण्याची सवय होती, ते भावनांबद्दल लिहून अधिक अडकले. दिवसभरात काय केलं याची साधी नोंद ठेवणं त्यांच्यासाठी बरं ठरलं. तुमचा स्वभाव असा असेल, तर मन उलगडत बसू नका. किती वाजता उठलो, काय केलं, कुणाशी बोललो, एवढंच लिहा. या कोरड्या नोंदींना कमी लेखू नका. विस्कटलेल्या दिवसांत त्या दिवसाला कणा देतात.

लिहून झाल्यावर जास्तच वाईट वाटतं. बंद करू का?

लगेच नको. पहिल्याच प्रयोगात दुखऱ्या गोष्टींवर लिहिणाऱ्यांना लिहून उठल्या उठल्या आधीपेक्षा वाईट वाटत होतं. फायदा नंतरच्या महिन्यांत दिसला. जखम धुताना चुरचुरतं तसं हे आहे. साधारण तास-दोन तासांत ओसरलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशीपर्यंत मन तसंच जड राहिलं, किंवा लिहिता लिहिता हात कापायला लागले, श्वास लागला, जुना प्रसंग पुन्हा समोर घडतोय असं वाटलं, तर त्याच ओळीवर थांबा. वाक्य पुरं करण्याचा हट्ट नको. डोळे वर करून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, पाय जमिनीवर घट्ट टेकवा. तो विषय एकट्यानं वहीत उघडायचा नाही, समुपदेशकासमोर उघडायचा. घटना अगदी ताजी असेल, चार-आठ दिवसांपूर्वीचीच, तरी थोडं थांबलेलं बरं.

माझी काळजी दिवसभर चालू असते. १५ मिनिटांत ती कशी मावणार?

ती मावत नाही, तिला वेळ नेमून द्यावी लागते. थॉमस बोरकोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली होती: रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात काळजी डोकावली की ती ओळखायची आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायची. चार आठवडे असं करणाऱ्यांची काळजी न करणाऱ्यांपेक्षा कमी झाली.

वहीच्या जोडीनं हे चांगलं जमतं. खिशात कागदाची चिठ्ठी ठेवा. काळजी आली की तिच्यावर तीन-चार शब्द टाका, “आईचा रिपोर्ट”, “हप्ता”, “धाकट्याचा प्रवेश”, आणि हातातल्या कामाकडे वळा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी चिठ्ठी उघडा. काही शब्द वाचून हसू येईल किंवा आठवणारही नाही, त्यांच्यावर काट मारा. उरलेल्यांवर लिहा.

यात चुका ठरलेल्या असतात. चिठ्ठीवर चार शब्दांऐवजी चार ओळी लिहिल्या, तर काळजी पुढे ढकलली गेली नाही, तिथेच सुरू झाली. नेमलेली जागा अंथरूण असेल, तर अंथरूण आणि काळजी यांची गाठ पक्की होते, म्हणून खुर्ची वेगळी हवी. अर्ध्या तासाची वेळ झोपेच्या निदान दोन तास आधीची ठेवा. आणि चिठ्ठी रिकामी असली तरी ठरल्या वेळी येऊन बसा. मनाला “तुझी वेळ येणार आहे” असं सांगून ती वेळच दिली नाही, तर उद्या ते ऐकणार नाही.

रात्री झोपच येत नाही. तेव्हा लिहू का?

रात्री मन मोकळं करायला बसू नका. रात्री लिहायची ती यादी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

म्हणून “बँकेचं काम” असं नको. “सकाळी अकराला बँकेत जाणं, पासबुक आणि अर्ज पिशवीत ठेवणं” असं लिहा. पाच मिनिटं झाली की दिवा बंद. मध्यरात्री जाग आली आणि काही आठवलं, तर उशाजवळच्या कागदावर मिणमिणत्या उजेडात एक ओळ. मोबाइल उघडला की घड्याळही दिसतं, बातमीही दिसते, मग झोपेचं खोबरं.

जे माझ्या हातातच नाही, त्याबद्दल लिहून काय उपयोग?

आधी तपासा, खरंच हातात नाही का. काळजी दोन जातींची असते. एकीत प्रश्न आजच समोर असतो: भाडं थकलंय, औषध संपत आलंय. तिथे लिहायचे ते उपाय, आणि त्यातला एक आज करायचा. दुसरीत “जर-तर” असतं: रिपोर्ट वाईट आला तर, युद्ध पसरलं तर. तिथे उपाय लिहीत बसणं म्हणजे न आलेल्या पाहुण्याला वाढत बसणं. तिथे लिहायची ती “तर”ची एकच ओळ: “रिपोर्ट वाईट आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांची पुढची वेळ घेईन आणि बहिणीला सोबत नेईन.” एका “जर”ला एकच “तर”. “तर”च्या पोटात पुन्हा “जर” शिरला की पेन खाली ठेवा.

त्यानंतर जे उरतं त्याला उपाय नसतो. वाट पाहणं हेच काम असतं, आणि ते अंग मोडणारं काम आहे. अशा वेळी असं लिहा: “मला गुरुवारपर्यंत कळणार नाही. मला हे न कळणं सहन होत नाहीये.” पुढे गुरुवारपर्यंतच्या प्रत्येक दिवसासाठी एक ठरलेली गोष्ट लिहा, काळजीशी संबंध नसलेली. मंगळवारी कपाट आवरणं, बुधवारी मित्राला फोन. वाट पाहणाऱ्याला निदान पायाखाली पायरी हवी.

मी ज्या ज्या गोष्टींची काळजी करतो, त्या खरंच घडतात का, हे कसं कळणार?

भाकितांची वही ठेवून. रोज काळजीतलं एक भाकीत तारखेसह लिहा, आणि ते असं लिहा की पुढे खरं-खोटं ठरवता येईल. “मुलाखत वाईट जाईल” हे तपासता येत नाही. “१२ तारखेपर्यंत त्यांचा नकार येईल” हे येतं. शेजारी रकाना रिकामा ठेवा. महिन्यानं परत या आणि भरा: झालं, नाही झालं, झालं पण निभावलं.

अतिचिंतेच्या विकारानं त्रस्त असलेल्यांबरोबर लाफ्रेनिएर आणि न्यूमन यांनी हे करून पाहिलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा दिवस नोंदवलेली आणि पुढे महिनाभर तपासलेली सुमारे ९१ टक्के भाकितं खरी ठरली नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण इथे आकड्यात दिसते. मात्र हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. संकट खरंच दारात उभं असेल, तर प्रमाण वेगळं येईल. म्हणूनच वही तुमची हवी. तिसरी नोंद, “झालं पण निभावलं”, ही आमच्या मते सगळ्यात मोलाची. स्मरणशक्ती ती जपत नाही.

परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी लिहिलं तर?

चालतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं त्या परीक्षेच्याच भीतीबद्दल लिहिल्यानं एरवी फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. काय कारणानं पोटात गोळा आलाय ते सरळ लिहा, कागद घडी करून बाजूला ठेवा, आत जा.

हातानं लिहू की मोबाइलवर?

दोन्ही चालतं. हात मंद चालतो, म्हणून विचारालाही सबुरी येते, आणि कागदावर बातम्या उगवत नाहीत. पण हात दुखत असेल किंवा घरात वही लपवायला जागा नसेल, तर कुलूपबंद फाइल बरी. बोलून नोंदवणंही चालेल, मात्र त्यातली एक ओळ नंतर लिहून काढा. आवाजात पूर्णविराम नसतो.

शुद्धलेखन, अक्षर, भाषा?

यातलं काहीही पाहू नका. घरात बोलता त्या बोलीत लिहा.

कुणी वाचलं तर? लिहिलेलं फाडून टाकू का?

कुणी वाचेल ही भीती असेल तर लिहिणं खरं उतरत नाही, म्हणून फाडून टाकायचं आधीच ठरवलेलं बरं. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या २०२४ च्या प्रयोगात, रागाचे विचार लिहिलेला कागद टाकून देणाऱ्यांचा राग कागद जवळ ठेवणाऱ्यांपेक्षा बराच उतरला. तो अभ्यास रागाबद्दलचा होता, काळजीबद्दलचा नव्हे. तरी पहिल्या पाच मिनिटांचं पान फाडायला हरकत नाही. दोन रकान्यांचं पान, लहान कामाची ओळ आणि भाकितांची वही मात्र ठेवा, त्यांचा उपयोग नंतर होतो.

पत्र लिहायचं असेल तर लिहा, पण पाठवायचं की नाही हे निदान दोन दिवसांनी ठरवा.

त्याऐवजी रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या तर?

जोडीला ठेवा, बदली म्हणून नको. काळजी तशीच दाबून वरून चांगलं लिहायला लागलं की ते खोटं वाटतं, आणि दोन आठवड्यांत “सूर्य उगवला, चहा झाला” असं यांत्रिक होतं. आठवड्यातून एकदा, एकच गोष्ट, पण तपशिलात लिहा: कुणी, काय केलं, त्यामुळे तुमचं कोणतं ओझं हलकं झालं.

लिहिणं पुरत नाही हे कसं ओळखायचं?

सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस काळजी आवरत नाही, सोबत झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलंय, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दोन आठवडे सलग मन खचलेलं आहे, कशातच रस उरला नाही, तरीही जा. सहा महिने थांबायला हवं असं नाही, त्रास होतोय एवढं कारण पुरे. जाताना वही न्या. “काय होतंय?” या प्रश्नापुढे माणूस गडबडतो, तेव्हा तारखेसह लिहिलेल्या चार ओळी कामी येतात.

आणि पानावर “मी नसलेलाच बरा” किंवा “संपवून टाकावं” अशा अर्थाची ओळ उतरली, तर वही मिटून आत्ताच माणूस गाठा: घरातलं, शेजारचं, किंवा मदतीच्या फोनवरचं. ती ओळ एकट्यानं दुसऱ्यांदा वाचत बसायची नाही.

किती दिवस लिहायचं? मध्येच खाडा पडला तर?

काळजीवरचं लिहिणं औषधासारखं, लागेल तेव्हा. तीन-चार दिवस सलग, मग थांबा. परिस्थिती बदलली, नवी बातमी आली, तर पुन्हा तीन-चार दिवस. रोजची डायरी आवडत असेल तर जरूर ठेवा, पण ती वेगळी वही. काळजीची वही रोज उघडायला लागली की मन तिच्यासाठी काळजी शोधायला लागतं.

खाडा पडला तर बुडलेल्या दिवसांचं लिहून काढायचं नाही. आजची तारीख टाकायची आणि आजपासून.